खेळ कोणाचा?

व्हिडिओ गेम हा मुलांचा छंद आहे, मुलींना त्यात मुळातच गोडी नसते, असे आपण पुष्कळदा ऐकतो. ही आवड निसर्गाने दिलेली आहे की बाजाराने घडवलेली, हे समजून घेण्यासाठी या खेळांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

१९८० साली जपानमधील नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ हा खेळ तयार केला. त्या काळी गेम पार्लरमध्ये नेमबाजीचे खेळ असत आणि गर्दीही पुरुषांचीच असे. स्त्रियांनाही तेथे यावेसे वाटावे, म्हणून इवातानींनी ‘खाणे’ हा विषय निवडला आणि भुतेसुद्धा गोजिरवाणी रंगवली. हा खेळ जगभर गाजला. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स यांचा ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ आला, तर १९८२ मध्ये कॅरोल शॉ यांनी ‘रिव्हर रेड’ हा विमानाचा खेळ रचला. म्हणजे खेळ घडवणाऱ्यांतही स्त्रिया होत्या.

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानदार असा माल ठेवायला कचरू लागले. तेव्हा १९८५ मध्ये निन्टेन्डो कंपनीने आपले यंत्र खेळणे म्हणून बाजारात आणले. खेळण्यांच्या दुकानांत मात्र मुलांचा आणि मुलींचा विभाग निरनिराळा असे. हे यंत्र मुलांच्या विभागात गेले आणि जाहिरातीही त्यांनाच उद्देशून होऊ लागल्या. १९८९ मध्ये आलेल्या हातातील यंत्राचे तर नावच ‘गेम बॉय’ होते.

जाहिरातीचा हा कल खेळांच्या रचनेतही उतरला. पराक्रम नायकाने करावा आणि राजकन्येने सुटकेची वाट पाहावी, असा साचा रूढ झाला. १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ या खेळातून लारा क्रॉफ्ट ही धाडसी नायिका आली. पण जाहिरातींत तिच्या साहसापेक्षा तिच्या देहाचेच प्रदर्शन अधिक झाले. त्याच वर्षी खास मुलींसाठी निघालेल्या ‘बार्बी फॅशन डिझायनर’ला मोठी मागणी आली. मुलीही ग्राहक आहेत हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा कपडे आणि गुलाबी रंगच आले. पुढे २००० साली आलेल्या ‘द सिम्स’ने घर आणि माणसांचे रोजचे जीवन हाच खेळाचा विषय केला. त्यावर ‘मुलींसाठी’ असा शिक्का नव्हता, तरीही तो स्त्रियांमध्ये विलक्षण लोकप्रिय ठरला.

यातून एक दुष्टचक्र ध्यानात येते. ग्राहक मुलगाच आहे असे गृहीत धरून खेळ रचला जातो, त्याचीच जाहिरात होते, साहजिकच मुले तो अधिक विकत घेतात आणि विक्रीचे आकडे मूळ गृहीतकाचा पुरावा ठरतात!

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. अनेक मुलांची संगणकाशी पहिली ओळख खेळातूनच होते. जे दार मुलासाठी सहज उघडते, तेच मुलीसाठी लोटलेले राहिले, तर पुढे ज्ञानाच्या आणि रोजगाराच्या संधींतही अंतर पडू शकते. म्हणून एखादी आवड ‘स्वाभाविक’ ठरवण्यापूर्वी ती निवडण्याची संधी सर्वांना सारखी मिळाली होती का, हे तपासून पाहायला हवे.