फराळाचं रेटकार्ड ॲपमध्ये : एल्स इफचा क्रम चुकला की पैसे चुकतात

व्हिडिओत ब्लॉक जोडताना माझा हात जरा भरभर चालला, म्हणून तोच विषय इथे सावकाश लिहितोय. लॅपटॉपवर ॲप इन्व्हेंटर उघडून बसा आणि वाचता वाचता करून बघा.

आमच्या नेरूळच्या बॅचमध्ये एक ताई घरगुती फराळ करतात. चकलीचं त्यांचं रेटकार्ड असं : एक किलोच्या आत 600 रुपये किलो, एक किलोपासून 560, पाच किलोपासून 520 आणि दहा किलोपासून 480. दिवाळीत फोन घेता घेता हिशेब चुकायचा, म्हणून त्यांनी स्वतः ॲप बनवलं. किलो टाका, बटण दाबा, रक्कम समोर. एका ऑफिसमधून 12 किलोची विचारणा आली. ॲपने 6720 सांगितले, ताईंनी तेच कळवले. समोरच्याकडे त्यांचंच छापील कार्ड होतं, त्यावर हिशेब 5760 चा. फरक 960 रुपयांचा. ऑर्डर गेली, आणि "ताई, भाव वाढवून सांगता का?" हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

ॲपमध्ये बिघाड काहीच नव्हता. त्यांनी जसं सांगितलं, तसंच ते वागत होतं.

ॲप इन्व्हेंटर हे फुकट टूल गुगलने 2010 मध्ये आणलं, पुढे ते एमआयटीकडे गेलं. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. ब्लॉक्समध्ये कंट्रोल उघडलं की पहिलाच ठोकळा 'इफ-देन' मिळतो. त्यात एकच अट बसते. आपल्याला चार भाव हवेत, मग काय करायचं? बरेच जण चार वेगळे इफ एकाखाली एक लावतात. तसं करू नका. तेव्हा प्रत्येक अट स्वतंत्र तपासली जाते आणि 12 किलोला तीन अटी लागू पडून रक्कम तीनदा बदलते.

ठोकळ्याच्या डाव्या कोपऱ्यात छोटं निळं गिअरचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. एक लहान खिडकी उघडेल. तिथला 'एल्स इफ' उचलून 'इफ'च्या पोटात ठेवा, हवा तितक्या वेळा. शेवटी एकदा 'एल्स'. खिडकी बंद केली की मूळ ठोकळा लांब झालेला दिसेल.

आता मुद्दा क्रमाचा. ॲप वरून खाली वाचतं. जी अट पहिल्यांदा खरी ठरते तिचंच काम करतं आणि खालच्या अटींकडे बघतही नाही. ताईंनी सगळ्यात वर लिहिलं होतं, 'किलो एक किंवा जास्त असेल तर 560'. बारा हे एकापेक्षा जास्तच आहे ना? झालं, तिथेच थांबलं. दहा किलोच्या अटीपर्यंत कधी पोचलंच नाही. म्हणून 'किंवा जास्त' वापरत असाल तर मोठा आकडा वर : आधी 10, मग 5, मग 1, आणि एल्समध्ये 600.

'पेक्षा कमी' वापरलंत तर उलट, लहान आकडा वर. तिथे चूक झाली तर जास्त वाईट. समजा, वरच लिहिलं, 'दहापेक्षा कमी असेल तर 520'. आता 800 ग्रॅमवाल्यालाही 520 चाच भाव लागेल. 480 च्या जागी 416 घेतले जातील, प्रत्येक पुडीमागे 64 रुपये गेले. आणि याची तक्रार कोणीच करणार नाही! गिऱ्हाईक जास्त पैशांसाठी भांडतं, कमी पैशांसाठी कशाला फोन करेल?

या सगळ्यांच्या वर अजून एक अट लावा. रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं की ॲप इंग्रजीत एरर फेकतं. मॅथमधला 'इज नंबर' ठोकळा घ्या, त्याला लॉजिकमधला 'नॉट' लावा आणि ही पहिली अट करा : आकडा नसेल तर 'किती किलो ते टाका' असं दाखवा. त्याखाली शून्य किंवा कमी असेल तर तेच. ही दुसरी अट विसरलात तर शून्य किलोही एल्समध्ये जाऊन पडेल. टेक्स्टबॉक्सची 'नंबर्स ओन्ली' प्रॉपर्टीही चालू करा, म्हणजे कोणी 'अर्धा' असं लिहिणार नाही.

तपासताना कडेचे आकडे टाका : 0.5, 1, 4.9, 5, 9.9, 10, 12. नुसतं 3 टाकून 'चालतंय' म्हणू नका. ताईंच्या चुकलेल्या ॲपमध्येही 3 चं उत्तर बरोबरच येत होतं.

असं तपासताना ताईंना आणखी एक गंमत सापडली. 4.8 किलोचे 2688 होतात आणि पाच किलोचे 2600! जास्त माल, कमी पैसे. इथे दोष रेटकार्डाचा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिट ओलांडले तर फक्त वरच्या युनिटना पुढचा दर लागतो, आपण मात्र सगळ्या मालाला नवा भाव लावतो. ताईंनी भाव तसाच ठेवला, पण 4.65 किलोपासून पुढे 'पाच घेतलेत तर स्वस्त पडेल' अशी ओळ टाकली. मला ही कल्पना आवडली.

डिलिव्हरीसाठी हीच साखळी वापरायची का? पिनकोडला लहान-मोठं नसतं, नेरूळचा 400706, वाशीचा 400703, बेलापूरचा 400614. तिथे क्रमाने फरक पडत नाही, आणि गावं वाढली की साखळी लांबच लांब होते. त्यापेक्षा डिक्शनरी ठोकळा घ्या : पिनकोड ही किल्ली, भाडं ही किंमत. किल्ली सापडली नाही तर काय, यासाठी त्यात वेगळी जागा असते. तिथे शून्य ठेवू नका, नाहीतर पनवेलच्या पुढेही फुकट पोचवावं लागेल. 'फोन करून विचारा' असं लिहा. बाकी नेरूळ पूर्व आणि पश्चिमेला पिनकोड एकच, मधे रेल्वेलाईन. स्कूटरवाल्या पोराला फेरा पडतो, त्याचं भाडं पिनकोडवरून कळणार नाही. त्यासाठी सेक्टरच विचारावा लागेल.