गॅनोडर्माच्या नादात चालू गोळ्या सोडू नका

पावसाळा लागला की आपल्या बाजारात सात्या आणि टेकोडे विकायला येतात. ही अळंबी आपण आवडीने खातो. पण हल्ली दुसऱ्याच एका अळंबीच्या कॅप्सूल, चहा आणि कॉफी ओळखीच्या माणसांमार्फत घरोघरी पोचत आहेत. तिचे नाव गॅनोडर्मा. मधुमेह, ब्लडप्रेशर, सांधेदुखी, कॅन्सर अशा सगळ्यांवर हा एकच उपाय, असे सांगितले जाते. मग रुग्ण विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, हे सुरू केल्यावर तुमच्या गोळ्या बंद करू का?’ या प्रश्नाचा आज विचार करू.

गॅनोडर्मा म्हणजे काय?

चीनमध्ये हिला लिंगझी आणि जपानमध्ये रेशी म्हणतात. वाळलेल्या किंवा किडलेल्या झाडाच्या बुंध्याशी ती पंख्याच्या आकारात उगवते. वरचा भाग वॉर्निश लावल्यासारखा तांबूस चकचकीत असतो. ग्रीक भाषेत ‘गॅनोस’ म्हणजे चकाकी आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी, त्यावरून हे नाव पडले. ती लाकडासारखी कडक आणि चवीला कडू असल्याने तिची भाजी होत नाही. काढा किंवा भुकटी करतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी औषधग्रंथात तिला वरच्या दर्जाच्या औषधांत स्थान आहे. पूर्वी ती दुर्मिळ होती. १९७० च्या दशकापासून लाकडाच्या भुशावर तिची लागवड होऊ लागली आणि मग तिचा व्यापार जगभर पसरला.

औषधी अळंबी आपल्यालाही अगदीच नवी नाही. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि गोव्याकडे फणसाच्या खोडावर येणारा कडक ‘फणसांबा’ पाण्यात उगाळून तोंड आल्यावर किंवा लाळ फार गळत असल्यास हिरड्यांना लावतात. फरक एवढाच, की तो ठरावीक तक्रारीसाठी वापरतात. सर्व रोगांचे औषध म्हणून तो कोणी विकत नाही.

तपासणीत काय आढळले?

गॅनोडर्मात बीटा-ग्लुकान आणि ट्रायटर्पीन नावाची द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत पेशींवर व उंदरांवर त्यांचे परिणाम दिसतात, हे खरे आहे. परंतु उंदराला लागू पडले ते माणसाला पडेलच असे नाही. औषधांच्या चाचण्या निष्पक्षपणे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या जागतिक संस्थेने २०१५ मध्ये पाच चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत ३९८ रुग्ण होते, बहुतेक मधुमेहाचे. गॅनोडर्माने रक्तातील साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल कमी होते, असा पुरावा मिळाला नाही. कॅन्सरबाबत २०१६ च्या आढाव्यात पाच चाचण्या व ३७३ रुग्ण होते. केमोथेरपी किंवा रेडिएशनच्या जोडीला दिल्यास थोडी मदत होण्याची शक्यता दिसली. पण चाचण्यांचा दर्जा कमी होता आणि कॅन्सरचा मुख्य उपचार म्हणून वापरण्याजोगा पुरावा नव्हता.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’

बहुतेकांना पोट बिघडणे, मळमळ, तोंड कोरडे पडणे असे किरकोळ त्रास होतात. मात्र २००४ मध्ये हाँगकाँगच्या आणि २००७ मध्ये थायलंडच्या डॉक्टरांनी, याची भुकटी घेतल्यानंतर यकृताला गंभीर इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. थायलंडमधील रुग्ण दगावला. असे क्वचितच घडते. तरीही भूक मंदावणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे ही लक्षणे दिसल्यास कॅप्सूल लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

गॅनोडर्मामुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावण्याची शक्यता असते. म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ऑपरेशन ठरले असेल तर सर्जनला आधीच सांगावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि किडनी बदललेले रुग्ण यांनी ते टाळलेलेच बरे.

खरा धोका कोणता?

माझ्या मते कॅप्सूलपेक्षा मोठा धोका चालू औषध बंद करण्यात आहे. ब्लडप्रेशरची गोळी सोडली तरी पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. ‘गुण आला’ असे वाटते. आत मात्र दाब वाढत जातो आणि एखाद्या दिवशी लकवा मारतो. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाने ते अचानक बंद केले तर काही दिवसांतच जीवावर बेतू शकते. कॅन्सरच्या गाठीला दिलेले चार महिने परत मिळत नाहीत.

डबीवरील मजकूर वाचावा. अशी उत्पादने ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकली जातात आणि ती औषधी वापरासाठी नाहीत, असे लेबलवर छापणे नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे विकणारा तोंडाने सांगतो त्याच्या उलट डबीवर लिहिलेले असते! मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर बरे करण्याची जाहिरात करणे तर १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. विकणारा बहुधा आपलाच नातलग किंवा शेजारी असतो, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते. पण कमिशनचा हिशेब त्याचा आणि प्रकृती आपली, हे विसरू नये.

ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी डबी घेऊन आपल्या डॉक्टरांना दाखवावी, चालू गोळ्या तशाच ठेवाव्यात आणि साखर व रक्तदाब नियमित तपासावा. तीच रक्कम महिन्याची औषधे, तपासण्या, दूध, अंडी आणि पालेभाजी यांवर खर्च केली तर घरातल्या सगळ्यांचेच भले होईल.