आपल्याच माणसांना टोकणारा संपादक

सप्टेंबर महिना आला की मराठवाड्यातल्या आम्हा मुस्लिम कुटुंबांना थोडे अवघडल्यासारखे होते. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन असते. मुले गणवेश घालून जातात, रझाकारांच्या जुलमांची भाषणे ऐकतात आणि घरी येऊन एखादे मूल विचारते, "अब्बू, रझाकार आपलेच होते का?" बहुतेक वेळा आपण विषय बदलतो. घरातली बुजुर्ग मंडळी 'पोलीस अ‍ॅक्शन' एवढेच म्हणतात आणि गप्प होतात.

मुलाच्या या प्रश्नाचे एक उत्तर आहे, पण ते द्यायचे आपण विसरून गेलो आहोत. ते उत्तर म्हणजे शोएबुल्लाह खान.

१९२० साली जन्मलेला हा तरुण उस्मानिया विद्यापीठात शिकला. त्या काळी हैदराबाद संस्थानात शिकलेल्या मुस्लिम तरुणाला सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा होता. त्याने पत्रकारिता निवडली. एका साप्ताहिकात त्याने लिहिले, ते बंद पडले. मग नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू दैनिकात तो गेला, तेही सरकारी रोषामुळे बंद झाले. शेवटी नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने स्वतःचे 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढले. इमरोज म्हणजे आजचा दिवस.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. भारत स्वतंत्र झाला होता, पण औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. रझाकारांचे नेते कासीम रझवी हे लातूरचे वकील. गावोगाव रझाकारांची दहशत होती, आणि ती कौमच्या नावाने चालली होती. अशा वेळी शोएबुल्लाह खान लिहीत होते की संस्थानाने भारतात सामील व्हावे, राज्यकारभार जनतेच्या हाती द्यावा आणि रझाकारांना आवर घालावा. हे ते हिंदूंचे वकील म्हणून लिहीत नव्हते. रझाकार ज्या वाटेने नेत आहेत त्या वाटेने उद्या मुसलमानांचेच घर जळेल, ही त्यांची तळमळ होती. उर्दूत लिहिलेले ते शब्द मुसलमान वाचकासाठीच होते.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या सात नामवंत मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध आणि सामीलीकरणाच्या बाजूने एक निवेदन काढले. 'इमरोज'ने ते छापले. त्यानंतर रझवींनी भर सभेत, असे लिहिणाऱ्यांचे हात तोडले जातील अशा अर्थाची धमकी दिली. २१ ऑगस्टच्या रात्री काचिगुडा भागातल्या आपल्या कचेरीतून शोएबुल्लाह घरी निघाले असताना त्यांना वाटेत गाठले गेले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तलवारीने हातावर घाव घातले. सोबत असलेले मेहुणे इस्माईल खान यांच्यावरही वार झाले. दुसऱ्या दिवशी शोएबुल्लाह यांचा इंतकाल झाला. वय अवघे २७.

त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच १३ सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढे जे झाले तेही मुलांना सांगितलेच पाहिजे. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीत 'पयाम' या उर्दू वृत्तपत्राचे काझी अब्दुल गफ्फार होते. या समितीने पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर मरण पावलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. मारले गेलेल्यांपैकी असंख्य जणांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आलाच नाही. पण त्याच अहवालात, जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे.

शोएबुल्लाह यांना ज्याची भीती वाटत होती ते घडले. कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात निघून गेले. किंमत मोजली ती इथे राहिलेल्या गरीब विणकरांनी, शेतमजुरांनी, विधवांनी.

आम्हाला वाटते, यातून आपल्या घरासाठी घेण्यासारखे काही आहे. परक्याच्या जुलमाविरुद्ध बोलणे सोपे असते, सगळा मोहल्ला टाळ्या वाजवतो. आपल्या माणसाला 'तू चुकतोस' म्हणणे अवघड, कारण मग आपलेच लोक 'गद्दार' म्हणतात. सूरह निसामध्ये इन्साफाच्या बाजूने उभे राहण्याची ताकीद आहे, मग तो इन्साफ स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असला तरीही. आपण ती आयत जलशात ऐकतो. मात्र मेहुण्याने जहेज मागितले, मशिदीच्या कमिटीने हिशेब दाखवला नाही, एखाद्या तरुणाने मोबाईलवर दुसऱ्या धर्माची टिंगल पाठवली, तर "आपलाच आहे, जाऊ द्या" म्हणून मोकळे होतो.

आणि ही कसोटी एकट्या आपल्यासाठी नाही. १७ सप्टेंबरला रझाकारांवर बोलणाऱ्या वक्त्याने त्यानंतरच्या महिन्यांवरही दोन शब्द बोलावेत, अशी अपेक्षा आम्ही जरूर ठेवू. पण आधी आपल्या घरात आपण पूर्ण गोष्ट सांगू या.

यंदा मुलाने तो प्रश्न विचारला तर त्याला जवळ बसवा. सांगा, "हो बेटा, रझाकार आपल्यातलेच होते. आणि त्यांच्याविरुद्ध लिहिता लिहिता ज्याने जान दिली, तोही आपल्यातलाच होता." मग त्याला शोएबुल्लाह खान हे नाव वहीत लिहून घ्यायला सांगा.