नकाशात येळ्ळूर कुणी लिहायचं?

राजहंसगडावर उभं राहून बेळगावच्या दिशेला पाहिलं, की पायथ्याशी येळ्ळूर आणि पुढे भाताचं शिवार पसरलेलं दिसतं. इथे एक प्रयोग जरूर करावा. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि गडावर आल्यावर फोन विमान-मोडवर टाकायचा. मोबाइलचं नेटवर्क बंद, लोकेशन तेवढं चालू. निळा ठिपका तरीही गडावर उमटतो आणि आपण चालू लागलो की सरकू लागतो.

तो कुणाला न विचारता सरकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून एवढंच सांगत असतात, की आत्ता अमुक वेळ झाली आणि मी अमुक ठिकाणी आहे. हा संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, आणि किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. वेळ मोजण्यात एक मायक्रोसेकंद चुकला, तर अंतर तीनशे मीटरनं चुकतं. उपग्रहावर अणुघड्याळ असतं, फोनमधलं घड्याळ त्या मानानं साधं. म्हणून जागा ठरवायला तीन आणि घड्याळाची चूक काढायला चौथा, असे किमान चार उपग्रह लागतात. सगळं गणित फोनमध्येच होतं. रेडिओ कोण ऐकतंय हे आकाशवाणीला कळत नाही, तसा आपला पत्ता उपग्रहाला कळत नाही.

मग आपण कुठे आहोत हे कंपन्यांना कळतं कसं? बरंचसं नकाशाच्या चित्रातूनच. ऑनलाइन नकाशा चौकोनी तुकड्यांत येतो. झूमच्या प्रत्येक पायरीला एका तुकड्याचे चार होतात. पंधराव्या पायरीवर येळ्ळूरजवळचा एक तुकडा साधारण १.२ किलोमीटर रुंदीचा असतो, सतराव्या पायरीवर तीनशे मीटरचा. फोन सर्व्हरकडे नेमका तेवढाच तुकडा मागतो, आणि त्या मागणीतच आपण कुठलं गाव, कुठली गल्ली पाहतोय हे सांगितलं जातं. लोकेशन बंद असलं तरी. त्यात खात्याची नोंद, शोधलेले पत्ते, आजूबाजूचे वायफाय यांची भर पडली, की माणसाचा दिवस मांडता येतो.

ही शंका हवेतली नाही. ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केल्यावरही गूगल दुसऱ्या एका सेटिंगखाली ठिकाणं साठवत राहतं, हे असोसिएटेड प्रेसनं ऑगस्ट २०१८ मध्ये उघड केलं. याच प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलनं अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरला तडजोड केली. गूगलचा नकाशा उपयोगी आहे यात वाद नाही. रस्त्यावरची गर्दी तो दाखवतो, पत्ता शोधण्यात लोकांनी भरलेले खुले नकाशे त्याच्या अजून मागे आहेत. पण बंद केलेलं बटण खरंच बंद झालं का, हे आपल्याला तपासता येत नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. आत काय चालतं ते लिहिलेला कोड कुलपात असतो.

दुसरी वाट २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केली. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी भरलेला नकाशा. कुणीही खातं उघडावं, रस्ता आखावा, विहीर नोंदवावी. कुणी खोडसाळपणा केलाच, तर कुठल्या खात्यानं काय कधी बदललं हे सगळ्यांना दिसतं आणि जुनी नोंद परत आणता येते. फेसबुकही हाच नकाशा वापरतं.

खुल्या कोडची ताकद ‘मॅप्स.मी’ या अ‍ॅपच्या कहाणीत उघड दिसते. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, इंटरनेटशिवाय वाट दाखवणारं हे अ‍ॅप २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं आणि त्याचं रूप पालटलं. पण जुना कोड खुला होता. मूळ मंडळींनी तोच घेऊन जाहिरातीविना आणि पाळतीविना ‘ऑरगॅनिक मॅप्स’ काढलं. पुढे त्याच्याही कारभारावरून मतभेद झाले, तेव्हा २०२५ मध्ये काही जणांनी वेगळं होऊन ‘कोमॅप्स’ सुरू केलं. मालक बदलला, मन विटलं, तरी केलेलं काम बरोबर नेता येतं. बंद अ‍ॅपच्या बाबतीत ते मालकाबरोबरच जातं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात सापडलेल्या येळ्ळूरला नकाशातलं नाव ही साधी गोष्ट नाही. जुलै २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा वेशीवरचा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला आणि गावकऱ्यांवर लाठीमार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव शहराचं नाव इंग्रजीतही अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं. नावाचा वाद झाला तर जमिनीवर जे दिसतं ते लिहावं, असा ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक आहे. पण जिथे फलकच उतरवला जातो, तिथे जमिनीवर दिसतं ते कुणाचं? एका मुख्य रकान्यापुरतं हे कोडं सुटणारं नाही. सुदैवानं त्या नकाशात एकाच गावाला अनेक रकाने आहेत. मराठी नावाच्या रकान्याला ‘एमआर’, कन्नड नावाच्या रकान्याला ‘केएन’ अशी खूण असते. फोन मराठीत असेल तर ऑरगॅनिक मॅप्स मराठी रकाना वाचतं आणि तो रिकामा असला तरच दुसऱ्या नावाकडे वळतं. त्यासाठी कन्नड नाव खोडावं लागत नाही. मराठी रकाना भरावा मात्र लागतो, आणि तो आपल्याखेरीज कोण भरणार? गावच्या चांगळेश्वरी देवीच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्याला गल्लीचं नाव गावाच्या तोंडी आहे तसंच वाचता यायला हवं.

मला त्याहून निकडीचा वाटतो तो बळ्ळारी नाला. गाळ आणि जलपर्णीनं तो तुंबतो आणि पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पाणी भातात उभं राहतं. व्यापारी नकाशात आधी हॉटेल येतं, दुकान येतं. रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीवर कुणाचा धंदा चालत नाही. खुल्या नकाशात मोरीला स्वतःची नोंद आहे, बांधावरच्या पायवाटेलाही आहे. अशा नोंदी संकटात कामी येतात: नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं पाहून घरं आणि रस्ते याच नकाशात आखले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. पण छायाचित्रातून नाला दिसतो, रस्त्याखालची मोरी दिसत नाही. ती शिवारात जाणाऱ्यालाच ठाऊक असते. सुरुवात सोपी आहे. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अ‍ॅप रस्त्यावर उभं राहिल्यावर प्रश्न विचारतं, रस्ता डांबरी आहे की मातीचा, दिवे आहेत की नाहीत, आणि उत्तर दिलं की ते नकाशात जातं. कुणाच्या घरात कोण राहतं असली खासगी माहिती मात्र तिथे कधीच घालू नये.

भात लावणीला येण्याआधी, नाल्याला पाणी कमी असताना, मोऱ्या टिपून घेता येतील. मग तो तपशील शेतकरी संघटना, अभियंता, पत्रकार, कुणीही उतरवून घेऊ शकतो. त्याला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. स्रोताचं नाव द्यायचं आणि त्या माहितीत भर घालून ती प्रसिद्ध केली तर तीही तशीच खुली ठेवायची, या अटी गूगललाही लागू आहेत आणि येळ्ळूरच्या शाळेलाही.