बर्मिंगहॅमची भैरवी

आमच्या घरात गाणे म्हणजे तंबोरा, तबला आणि पेटी. बाकी सारा गोंगाट. अशा घरात १९७८ साली मी इंदूरहून ‘ब्लॅक सॅबथ’ या विलायती रॉक बँडची ध्वनिमुद्रिका आणली, तेव्हा दादा म्हणाले, “हे गाणे आहे की भांड्यांची आदळआपट?” दादा स्वतः उत्तम पेटी वाजवीत. त्यांच्या शब्दापुढे धारच्या वाड्यात कुणाचे चालत नसे. मी दार लावून ऐकत राहिलो.

त्या बँडचा निरोपाचा जलसा ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर झाला. तो घरबसल्या पाहण्याची सोय होती. दादा आता देवासला मुलाकडे असतात. पुतण्याने फोन केला, “काका, इकडेच या.” मी इंदूरमार्गे देवास गाठले. मुख्य गाणी सुरू व्हायला आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली. उजाडता आषाढी एकादशी. दादा निजले असतील असे वाटले, तर ते शाल पांघरून खुर्चीत येऊन बसले.

दादांना कंपवात आहे. दोन वर्षे त्यांनी पेटीला हात लावला नव्हता. “वेडेवाकडे वाजवण्यापेक्षा न वाजवलेले बरे,” असे ते म्हणत.

पडद्यावर ऑझी ऑस्बर्न आला तो काळ्या सिंहासनावर बसूनच. वय ७६, आणि दुखणे दादांचेच. गळा मधूनच घसरे, पण हजारो माणसे त्याच्याबरोबर गात होती. शेजारी टोनी आयोमी गिटार वाजवीत होता. त्याची हकीकत मी दादांना सांगितली. पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. तो खर्जच त्या संगीताची ओळख ठरला.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आपल्या कुमारांसारखेच की!”

देवासकरांना हे सांगायला नको. कुमार गंधर्व १९४८ साली येथे आले ते क्षयाने खंगलेले. कित्येक वर्षे गाणे बंद. पुन्हा गाऊ लागले ते दुबळ्या फुप्फुसाला पेलतील अशा लहान लहान श्वासांत, आणि अंथरुणावरून ऐकलेली माळव्याची लोकगीते बरोबर घेऊन. उणेपणाचीच त्यांनी गायकी केली.

२००५ नंतर प्रथमच जमलेल्या त्या चार मूळ सोबत्यांनी चार गाणी म्हटली आणि मैफल आटोपली.

सकाळी वहिनींनी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. दादा म्हणाले, “तो बसून गायला याचे तुला वाईट वाटले. अरे, आपण तर जन्मभर बसूनच गातो!” मग पुतण्याकडे वळून म्हणाले, “माळ्यावरून पेटी काढ रे.”

भाता मी धरला. थरथरत्या बोटांनी दादांनी आषाढीचा एक अभंग वाजवला. दोनतीन सूर चुकले. ते थांबले नाहीत.

२२ जुलैला ऑझी निवर्तल्याची बातमी आली. तोवर पेटी माळ्यावर परत गेली नव्हती. आजही गेलेली नाही.