माळ्यावरच्या रिमोटला कॉम्प्युटरची जोड

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची खोकी खाली उतरली की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत टीव्ही गेमचे दोन रिमोट सापडतात, वायर गुंडाळलेले. नव्वदच्या दशकात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकले गेलेले हे गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला. ज्यांवर सुट्टीभर 'काँट्रा' आणि 'मारिओ' रंगला, त्यांतले बरेचसे डबे कधीच बंद पडले. रिमोट मात्र बहुधा धडधाकट असतात. ते भंगारात घालू नयेत. थोड्या खटपटीने ते आजच्या लॅपटॉपवरही चालतात.

मागचे स्क्रू काढले की आत एक छोटी सर्किटची पट्टी दिसते. बटणांखाली रबर, रबराच्या तळाला कार्बनचे काळे ठिपके आणि पट्टीवर डांबरासारखा घट्ट झालेला एक थेंब. त्या थेंबाखाली चिप दडलेली असते. चार दिशा, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट अशा आठ बटणांपैकी कोणतं दाबलंय हे टिपायचं आणि एकाच तारेवरून ओळीने कळवायचं, एवढंच तिचं काम. डबा सेकंदाला पन्नास-साठ वेळा विचारतो, चिप तितक्या वेळा उत्तर देते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं ज्याला शिफ्ट रजिस्टर म्हणून ओळखतात, ते हेच. पुस्तकातली आकृती प्रत्यक्ष हाताळायला याहून स्वस्त साधन मिळणं कठीण.

एक धोका मात्र आधीच सांगायला हवा. यांतल्या बऱ्याच रिमोटचा नऊ पिनांचा प्लग जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टमध्ये बरोब्बर बसतो. तिथे तो चुकूनही लावू नये. रिमोटला पाच व्होल्ट लागतात आणि त्या पोर्टवर उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. चिप जळू शकते.

विंडोज ९८च्या काळात हौशी मंडळी प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला तारा जोडत. आता ते पोर्टच गेले. त्याऐवजी 'आर्डुइनो लिओनार्डो'सारखा छोटा बोर्ड मध्ये बसवतात. तो यूएसबीवर स्वतःची ओळख गेमपॅड म्हणून करून देतो. नेहमीचा 'उनो' इथे सहजी चालत नाही, कारण त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबी नाही. जोडायच्या तारा पाचच: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. नकली मालात तारांच्या रंगांवर विसंबणं मात्र घातक. मल्टिमीटरने प्रत्येक तार पट्टीपर्यंत तपासूनच सोल्डर करावी. बटण अडखळत असेल तर कार्बनचे ठिपके आणि त्यांच्यासमोरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसली की बहुतेक वेळा काम होतं.

प्लेस्टेशन २ वाल्यांना एवढाही त्रास नाही. त्या रिमोटसाठी तयार यूएसबी कन्व्हर्टर मिळतो.

जुन्या टीव्ही गेमसोबतच्या बदकं टिपायच्या बंदुकीचं मात्र अवघड आहे. ट्रिगर ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हा सगळा हिशेब काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेला आहे. एलसीडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि त्याचा उजेडही वेगळ्या तऱ्हेचा, त्यामुळे बोर्ड जोडूनही नेम लागत नाही. ज्यांच्याकडे जुना टीव्ही आणि गेमचा डबा अजून सुरू आहेत, त्यांनी बंदूक तिथेच वापरलेली बरी.