पहिलीच डिझेल गाडी? आधी तिचा स्वभाव ओळखा!

घरात नवी गाडी आली की तिला हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. शेजारीपाजारी पेढे खाऊन जातात आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कामाला लागते : मुलांची शाळा, भाजी मंडई, बँक, संध्याकाळी देऊळ. आजवर पेट्रोल गाडी वापरणाऱ्या कुटुंबाची गफलत नेमकी इथेच होते. गाडी डिझेलची असते, सवयी मात्र पेट्रोलच्याच राहतात. मग काही महिन्यांतच समोर एक पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमधून असा खर्च सांगितला जातो, की घराचे अंदाजपत्रकच कोलमडते.

हे टाळणे अजिबात कठीण नाही. फक्त गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला, मग तो मुलगा असो, सून असो वा सासरेबुवा, चार गोष्टी ठाऊक हव्यात.

फरक मुळातच आहे

पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते, की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये असे इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखवले. तत्त्व आजही तेच आहे, पण भोवतीची यंत्रणा फार नाजूक झाली आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ निकष लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाडीच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. अडलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी जाळीत सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ती निर्माण होणार तरी कशी?

पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष नको

यावर उपाय साधा आहे. गाडी बहुतेक गावातच फिरत असेल, तर आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर न्या. ताशी साठच्या पुढे, न थांबता वीस मिनिटे चालवा. जाळीचा दिवा लागला तरी पहिला उपाय हाच. नेमका वेग आणि गिअर गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

काजळी जळत असताना इंजिनाचा आवाज थोडा वाढतो, तापल्याचा वास येतो, गाडी थांबवल्यावरही पंखा फिरत राहतो. घाबरू नका. शक्य असेल तर काम पुरे होईपर्यंत गाडी चालू ठेवा आणि वाळलेल्या गवतावर ती उभी करू नका. दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर गाडीचा जोर कमी होतो आणि मग गॅरेजशिवाय इलाज उरत नाही. जाळी बदलायची वेळ आली तर खर्च भला मोठा. ‘साहेब, जाळीच काढून टाकू’ असे कोणी सुचवले तर साफ नकार द्या. ते कायद्याविरुद्ध आहे आणि ती काजळी शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जाते.

वडीलधाऱ्यांचे किती ऐकावे?

‘सकाळी दहा मिनिटे गाडी नुसती चालू ठेव,’ असे जुनी माणसे सांगतात. जुन्या इंजिनांना ते ठीक होते. आता उभ्या गाडीत इंजिन चालवल्याने काजळीच साचते. गाडी सुरू करताना स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा दिवा विझू द्या, मग सुरू करा आणि पहिली काही मिनिटे हळू चालवा.

त्यांचा दुसरा सल्ला मात्र आजही खरा आहे. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि त्याला ऑइल मिळते ते इंजिन चालू असेपर्यंतच. मिनिटभर थांबा, मग चावी फिरवा.

ऑइल लवकर काळे पडले म्हणून चिंता नको, डिझेल गाडीत ते पडतेच. चिंता करायची ती ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर! काजळी जाळण्याचे काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहिले, की डिझेल ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी ऑइल बदलून घ्या आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच भरा.

पंपावर सावधान

पेट्रोलची नळी डिझेल गाडीच्या तोंडात सहज बसते. म्हणून प्रत्येक वेळी ‘डिझेल’ असे स्पष्ट सांगा, खाली उतरून पाहा आणि बिल घ्या. डिझेल पंपाला वंगणही पुरवते, पेट्रोल ते धुऊन काढते. चुकून पेट्रोल भरले गेलेच तर गाडी सुरूच करू नका. ओढून गॅरेजला न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

टाकी कोरडी पडू देऊ नका. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्पाचे पाणी साठू शकते. डिझेल फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी काढून घ्या आणि फिल्टर मुदतीत बदला.

काही गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी छोटी टाकी असते. तिच्यात शुद्ध पाणी आणि ३२.५ टक्के युरिया यांचे तयार द्रावण भरायचे असते. हे द्रावण संपले तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. शेतातला युरिया विरघळवून ओतण्याचा ‘घरगुती उपाय’ मात्र महागात पडेल आणि हे द्रावण डिझेलच्या टाकीत गेले तर त्याहूनही महाग!

घेण्यापूर्वी हिशेब करा

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली जुनी तफावत बरीच घटली. म्हणून रोजचा प्रवास लांबचा असेल तरच डिझेल परवडते. दिल्ली परिसरात राहत असाल, तर जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांचा ताजा नियमही विचारून घ्या.

डिझेल गाडी म्हणजे कष्टाळू बैल. त्याला दावणीला बांधून ठेवले की तो बिघडतो. गाडी आधीच दारात आली असेल, तर येत्या रविवारी सगळे मिळून गावाबाहेर फेरफटका मारून या. मुले खूश होतील आणि गाडीही!